पोटोमॅकच्या पाण्यात उतरून स्मॉलमाउथ बास धरताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पंचगंगेत आणि वारणेत गळ टाकण्याची लहानपणापासून सवय असलेले तुम्ही आता मेरीलँडमध्ये फ्रेडरिकजवळ राहायला आला आहात. मागच्या महिन्यात ब्रन्सविकच्या खाली पोटोमॅक नदीत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून सबंध सकाळ मध्यधारेत आमिष फेकत राहिलात, तरी वीतभराच्या माशांपलीकडे काही लागले नाही. आता ऑगस्टमधला एक पूर्ण दिवस मोकळा मिळणार आहे, तो कसा घालवावा हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

काठापासून कमरेइतक्या पाण्यापर्यंत तुम्ही ज्या पट्ट्यातून चालत गेलात, त्याच पट्ट्यात त्या सकाळी चांगले मासे चरत होते, असे मी जवळजवळ खात्रीने सांगू शकतो. नदीत पायी उतरणारा बहुतेक प्रत्येक नवा माणूस आधी आत जातो आणि मग आमिष टाकतो. स्मॉलमाउथच्या नदीत क्रम उलटा असावा लागतो: आधी जवळचे पाणी, मग त्यापुढचे, आणि पाऊल त्यानंतर. पुढे मी जे लिहिणार आहे ते याच एका गोष्टीचा विस्तार आहे. आमिषाचा रंग आणि रॉडची किंमत या बाबी तिच्यामागे येतात.

हा मासा कसा जगतो ते आधी पाहू. स्मॉलमाउथ बास हा सनफिशच्या कुळातला, कांस्यवर्णी, अंगावर उभे गडद पट्टे आणि बहुधा लालसर डोळा असलेला मासा आहे. त्याचा जबडा डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे जात नाही, आणि त्याच्याच जातकुळीतल्या लार्जमाउथ बासपासून त्याला वेगळे ओळखण्याची सर्वांत सोपी खूण तीच आहे. त्याला स्वच्छ, वाहते, खडकाळ पाणी लागते. मात्र भर धारेत तो दिवसभर शक्ती खर्च करीत उभा राहत नाही. धारेला लागून असलेल्या, पण स्वतः मंद असलेल्या पाण्यात तो थांबतो आणि धार जे वाहून आणील ते झडप घालून उचलतो. त्याच्या खाण्यात तीन गोष्टी प्रमुख आहेत: शेवंडीच्या छोट्या भावंडासारखा दिसणारा गोड्या पाण्यातला क्रेफिश, दगडांखाली राहणारी हेलग्रामाइट नावाची अळी (ही डॉब्सनफ्लाय या मोठ्या कीटकाची पाण्यातली अवस्था) आणि लहान मासे. या तिन्हींची घरे गोट्यांच्या तळात आणि उथळ पाण्यात असतात. त्यामुळे ऑगस्टमध्ये पहाटेच्या मंद उजेडात मोठा मासा गुडघाभर, कधी पोटरीभर पाण्यात येतो. तुम्ही ज्या खोल मध्यभागाकडे आमिष टाकत होता, तिथे तो त्या वेळी बहुधा नव्हताच.

हा मासा पोटोमॅकचा मूळ रहिवासी नाही. त्याचे मूळ स्थान ओहायो आणि मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यात, ग्रेट लेक्समध्ये आणि सेंट लॉरेन्स नदीत आहे. १८५४ मध्ये व्हीलिंग येथील विल्यम श्राइव्हर यांनी ओहायोच्या खोऱ्यातले थोडे मासे आगगाडीच्या इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीत घालून कंबरलँडला आणले आणि तेथील चेसापीक-ओहायो कालव्याच्या पाण्यात सोडले. कालव्यातून ते नदीत गेले आणि पुढे सबंध नदी त्यांनी व्यापली. ज्या जुन्या कालव्याच्या काठाकाठाने, बोटी ओढणाऱ्या खेचरांच्या वाटेवरून तुम्ही आज नदीकडे जाता, तोच हा कालवा. मला ही हकीकत महत्त्वाची वाटते, कारण पोटोमॅकची खडकाळ ठेवण या माशाला किती मानवली हे तिच्यावरून कळते. ब्रन्सविक ते पॉइंट ऑफ रॉक्स या पट्ट्यात कातळाच्या आडव्या रांगा नदीच्या पात्रातून जातात, आणि प्रत्येक रांगेमागे या माशाला हवी तशी जागा तयार होते.

दिवसाची सुरुवात आदल्या रात्री, पाण्याचा विसर्ग पाहून करावी. खडकवासल्यातून किती क्युसेक सोडले याच्या बातम्या वाचत आपण वाढलो, तेव्हा हा आकडा तुम्हाला परका नाही. पॉइंट ऑफ रॉक्स येथे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे प्रवाहमापक केंद्र आहे. तिथली नोंद १८९५ पासून चालू आहे, आणि ताजा विसर्ग, पातळी व त्या तारखेची नेहमीची सरासरी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ऑगस्टमध्ये तिथे साधारण अडीच-तीन हजार क्युसेक पाणी असते. या नदीत नव्याने उतरणाऱ्या माणसाने आकडा तीन हजारांच्या वर असेल तर काठ सोडू नये, असा माझा आग्रह आहे. जुन्या माणसांना हा दंडक फार कडक वाटेल, तरी तो मी सैल करणार नाही. पॉइंट ऑफ रॉक्सच्या आकड्यावरही थांबू नका. वरच्या बाजूला शेनान्डोआ नदी हार्पर्स फेरीजवळ पोटोमॅकला मिळते. तिच्यावर मिलव्हिलला आणि मुख्य नदीवर शेपर्ड्सटाउनला मापक केंद्रे आहेत. तिथल्या विसर्गाच्या आलेखाची रेघ आदल्या संध्याकाळी चढू लागली असेल, तर तुमच्याकडे आभाळ निरभ्र असले तरी ते पाणी काही तासांत तुमच्या पायांपाशी येणार आहे, आणि शेनान्डोआच्या खोऱ्यातला पाऊस गढूळ पाणी आणतो. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. ज्या पाण्यात तळ दिसत नाही, त्यात पाऊल टाकू नये.

आता पायांविषयी सविस्तर लिहितो. ऑगस्टमध्ये रबरी पाटलोण लागत नाही. लवकर वाळणारी साधी पँट, जाड मोजे आणि रबरी तळाचे, शक्य तर धातूचे छोटे खिळे बसवलेले बूट पुरेत. नमद्याचे तळ शेवाळावर उत्तम पकड घेतात, पण डिडिमो नावाचे आगंतुक शैवाल त्यांतून एका नदीतून दुसऱ्या नदीत जाते, म्हणून मेरीलँडने २०११ पासून पाण्यात असे तळ वापरण्यास बंदी घातली आहे. अंगात जीवरक्षक जॅकेट हवे. पोहता येत असले तरीही हवे. गळ्यात शिट्टी आणि हातात छातीपर्यंत पोहोचणारी मजबूत काठी असावी. धारेत चालताना काठी वरच्या अंगाला टेकवावी, शरीर धारेला आडवे, म्हणजे कुशीने, ठेवावे, पाय उचलून न टाकता तळावरून सरकवावेत, आणि पुढचे पाऊल घट्ट बसल्याशिवाय मागचे हलवू नये. पाण्याचा वेग दुप्पट झाला की शरीरावरचा रेटा चौपट होतो. त्यामुळे गुडघाभर जलद पाणी पुष्कळदा कमरेइतक्या संथ पाण्यापेक्षा धोक्याचे असते. तोल गेलाच तर उठून उभे राहण्याची धडपड करू नका. पाठीवर तरंगा, पाय वर आणि पुढे, म्हणजे प्रवाहाच्या दिशेला ठेवा, आणि पाणी गुडघ्याखाली येईपर्यंत तळाला पाय लावू नका. कातळाच्या फटीत पाय अडकला की धार माणसाला पुढे वाकवते आणि डोके पाण्याखाली दाबून ठेवते. या नदीत चांगले पोहणारेही बुडाले आहेत. हार्पर्स फेरीच्या खालचे वेगाचे पट्टे आणि ग्रेट फॉल्सचा सारा परिसर पायी उतरण्यासाठी मनातून काढूनच टाका.

चालायची दिशाही ठरवून घ्या. सकाळी प्रवाहाच्या विरुद्ध, वरच्या बाजूला सरकत जावे. मासे धारेकडे तोंड करून उभे असतात, म्हणजे तुम्ही त्यांच्या पाठीमागून येता. तुमच्या पायांनी उठलेला गाळ तुमच्याच मागे वाहून जातो आणि पुढचे पाणी निवळ राहते. शिवाय थकल्यावर परतताना धार सोबतीला असते. खालच्या दिशेने चालणारा माणूस मात्र नकळत उतारावरून खोल पाण्याकडे ढकलला जातो, आणि परतीच्या वाटेवर सबंध नदीशी झुंज घ्यावी लागते.

पहिल्या दिवसासाठी मी लँडरची जागा सुचवीन. ब्रन्सविक आणि पॉइंट ऑफ रॉक्स यांच्या दरम्यान असलेल्या या ठिकाणी वाहन लावण्याची सोय आणि बोटींचा उतार आहे. मात्र काठाने चालू रेल्वेमार्ग जातो, तो ठरलेल्या ठिकाणीच ओलांडावा. ऑगस्टमध्ये सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या सुमारास उगवतो. त्याच्या अर्धा तास आधी काठावर पोहोचा, आणि पोहोचल्यावर दहा मिनिटे नुसते पाहा. काठालगत वॉटर विलो नावाचे, पाण्यातच रुजणारे, गवतासारखे दाट झुडूप दिसेल. त्याच्या मुळांशी लहान मासे लपतात. त्या हिरव्या रांगेच्या बाहेरच्या कडेला, घोटाभर ते गुडघाभर पाण्यात, पृष्ठभागावर अचानक फुटणारी लाट किंवा घाबरून उडालेली चिमुकल्या माशांची फवारणी दिसली, की तिथे बास आहे. काठावरूनच, कोरड्या पायांनी, त्या कडेला समांतर असा पॉपर टाका. पॉपर म्हणजे पोकळ तोंडाचे, ओढल्यावर ‘पॉक्’ असा आवाज करणारे तरंगते आमिष. पडल्यावर त्याच्या वलयांना पूर्ण विरू द्या, मग एकच हलका झटका द्या, पुन्हा थांबा. नवा माणूस हमखास इथे घाई करतो आणि सारखा झटके देत राहतो. मासा बहुतेक वेळा आमिष स्थिर असताना घेतो. घेतल्याचा आवाज येताच हिसका देऊ नका, दोर ताणला जाईपर्यंत थांबा.

उन्हाळ्याच्या पहाटेची एक बाजू पुष्कळांच्या लक्षात येत नाही. संथ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात रात्रभर त्या वनस्पती प्राणवायू वापरत असतात, त्यामुळे उजाडताना तिथल्या पाण्यात तो सर्वांत कमी असतो. फार उकाड्याचे दिवस सलग गेले असतील, तर पहाटे स्टारग्रास नावाच्या पाणवनस्पतीने भरलेल्या संथ डोहात वेळ घालवू नका. खळाळत्या पाण्याजवळचा काठ निवडा.

ऊन पाण्यावर आले की उथळ कडेवरचा खेळ संपतो. आता काळा चष्मा लावायचा, तोही पृष्ठभागाची चमक कापणारा पोलराइज्ड, कारण इथून पुढे तळ वाचायचा आहे. कातळाची आडवी रांग पाहा. तिच्यावरून पाणी घसरते, खाली फेस येतो, आणि फेसाच्या दोन्ही बाजूंना एक रेघ दिसते. तिच्या अलीकडे पाणी धावते, पलीकडे ते जवळजवळ थांबलेले किंवा मागे फिरणारे असते. दोन पाण्यांची ही सांध म्हणजे दिवसातल्या मधल्या वेळेची सर्वांत मोलाची जागा. मासा मंद बाजूला, रेघेपासून हातभर अंतरावर असतो. तसाच एखाद्या मोठ्या सुट्या धोंड्याच्या मागे, आणि ध्यानात ठेवा, त्याच्या पुढेही. धोंड्यावर आदळून पाणी मागे दबते, तिथे पुढच्या बाजूला एक छोटी मंद उशी तयार होते. मोठा मासा पुष्कळदा ती जागा धरून असतो, कारण धारेतून येणारे खाणे तिथे सर्वांत आधी पोहोचते. मागच्या बाजूला मासे धरणारी माणसे ती पुढची जागा तुडवून पुढे जातात, हे मी फार पाहिले आहे.

या पाण्यासाठी आमिष तळाशी गेले पाहिजे. मऊ रबराची, तीन-साडेतीन इंची, शेपटीला झालर असलेली ट्यूब घ्या. रंग हिरवट-तपकिरी असावा, कारण तो क्रेफिशचा रंग आहे. तिच्यात १/८ औंसाचे, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅमचे, शिसे असलेला गळ बसवा. धारेला आडवी, किंचित वरच्या बाजूला फेक करा, तळाला लागू द्या आणि धारेलाच ती पुढे न्यायला सांगा. तुमचे काम दोरातला ढिलेपणा गोळा करणे आणि तळाचे टकटक बोटांना जाणवत ठेवणे एवढेच. ते टकटक थांबले, दोर बाजूला सरकला किंवा आमिष एकाएकी हलके वाटले, तर लगेच ताण द्या. सतत अडकत असेल तर वजन कमी करा. एकदाही अडकत नसेल, तर तुम्ही माशाच्या डोक्यावरून मासेमारी करीत आहात. प्रत्येक जागेवर आधी सर्वांत जवळची सांध, मग धोंड्याची पुढची बाजू, मग मागची, आणि शेवटी पलीकडची लांब धार, असा क्रम ठेवा. तो संपला की चार-पाच पावले सरका आणि पुन्हा थांबा. सबंध सकाळी दोनशे मीटर नदी नीट झाली तरी पुष्कळ झाली.

साहित्याबद्दल थोडक्यात सांगतो. साडेसहा ते सात फुटांचा मध्यम-हलका स्पिनिंग रॉड, २५०० क्रमांकाचे रीळ, दहा पौंडी विणलेला दोर आणि त्याच्या टोकाला सहा-आठ पौंडी फ्लुओरोकार्बनचा चार-पाच फुटांचा तुकडा घ्या. पॉपर, ट्यूब आणि एक साधा फिरत्या पात्याचा स्पिनर यांपलीकडे पहिल्या दिवशी खिशात काही नको. पुढेमागे फ्लायच्या, म्हणजे कृत्रिम माशी बांधून मासे धरण्याच्या, रॉडकडे वळावेसे वाटले, तर पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझर यांनी सस्क्वेहॅना नदीच्या स्मॉलमाउथसाठी बांधलेली, धातूच्या जड डोळ्यांची माशी पाहा. तिला ‘क्लाउझर डीप मिनो’ हे नाव प्रसिद्ध फ्लाय-मासेमार लेफ्टी क्रे यांनी दिले, आणि ते तुमच्या फ्रेडरिकचेच होते.

दुपारी अकरा ते चार या वेळात पाण्याचे तापमान पाहूनच निर्णय घ्यावा. एक छोटा तापमापक जवळ ठेवा. स्मॉलमाउथला उष्ण पाणी सोसते, पण २७ अंश सेल्सिअसच्या वर पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि झुंज देऊन थकलेला मासा सावरायला वेळ लागतो. त्याच्याही वर, २९-३० अंशांपर्यंत गेले, तर मी रॉड उचलून सायकॅमोरच्या सावलीत बसतो आणि तुम्हीही तसेच करावे. पाणी त्याखाली असेल, तर दुपारी खळाळत्या पट्ट्याच्या अगदी मुखाशी, जिथे पाणी पांढरे होऊन खोलात उतरते, तिथे स्पिनर किंवा ट्यूब टाकावी. तिथे प्राणवायू असतो आणि पृष्ठभाग फुटलेला असल्यामुळे माशाला वर तुम्ही दिसत नाही. ऑगस्टच्या दुपारी या भागात गडगडाटी वादळे झपाट्याने येतात. पहिली गर्जना ऐकू आली की पाण्यातून बाहेर यायचे आणि ग्रॅफाइटचा रॉड खाली ठेवायचा, कारण ग्रॅफाइटमधून वीज वाहते.

संध्याकाळ या नदीवर, माझ्या मते, दिवसातली सर्वांत समृद्ध वेळ आहे. जुलैअखेरपासून ऑगस्टभर सूर्य मावळताना पांढऱ्या मेफ्लाय नावाच्या माशा, शास्त्रीय भाषेत इफोरॉन, पाण्यातून प्रचंड संख्येने बाहेर पडतात. त्या काही तासांच्या आयुष्यात जोडी जमवतात, अंडी घालतात आणि पुन्हा पाण्यावर पडतात. तेव्हा लहानमोठे सगळे मासे संथ पाण्याच्या पृष्ठभागावर येतात. पण मोठा बास अनेकदा माशा खाणाऱ्या लहान माशांच्या खाली फिरत असतो. म्हणून वर दिसणाऱ्या बारीक टिपक्यांवर भुलू नका. त्या गर्दीच्या कडेला, दोन-तीन फूट खोलीतून, पांढरट ग्रब (मऊ रबराची अळी) किंवा स्पिनर सावकाश आणा. अंधार पडण्यापूर्वी मात्र काठावर असलेच पाहिजे. मासे जोरात लागत असताना हे कठीण जाते, म्हणून घड्याळात गजर लावून ठेवा.

मासा हाती आल्यावरचे काही नियम मी फार मनापासून पाळतो. गळाच्या टोकामागचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून टाका, हात ओले करा, खालचा ओठ अंगठ्यात धरून पोटाखाली दुसरा हात द्या, आणि शक्य तर माशाला पाण्याबाहेर काढूच नका. फोटो हवा असेल तर सोबत्याला तयार उभे राहू द्या आणि मगच दोन-तीन सेकंद वर उचला. सोडताना धारेकडे तोंड करून त्याला धरून ठेवा. त्याला ढकलू नका, तो स्वतःहून हातातून निघून जाईल. बारा इंचांच्या माशाचे वय या नदीत तीन-चार वर्षे असते, आणि अठरा इंचांचा मासा आठ-दहा वर्षांचा असू शकतो. विणीच्या वेळी, साधारण मे महिन्यात, नर वाळू-गोट्यांत घरटे खणून अंडी आणि पिले राखतो. त्या आठवड्यांत नदीला मोठे पाणी आले तर त्या वर्षाची सबंध पिढी वाहून जाते, आणि अशी वर्षे पोटोमॅकने अलीकडे पुष्कळ पाहिली आहेत. त्याशिवाय २००० नंतरच्या दशकात शेनान्डोआ आणि पोटोमॅकच्या खोऱ्यात बासच्या मोठ्या मरतुकी झाल्या, आणि नरांच्या वृषणांत अपक्व अंडी सापडली. संशोधकांनी त्याचा संबंध शेतीतून आणि सांडपाण्यातून येणाऱ्या, संप्रेरकांप्रमाणे परिणाम करणाऱ्या द्रव्यांशी जोडला आहे. म्हणून कायदा परवानगी देत असला तरी या नदीतला बास मी घरी नेत नाही, आणि तुम्हीही नेऊ नये अशी माझी विनंती आहे. खायला मासा हवाच असेल, तर मेरीलँडच्या पर्यावरण विभागाची, कोणत्या पाण्यातला कोणता मासा किती खावा याची सूचना आधी वाचा.

नियमांचे मुख्य मुद्दे असे. गोड्या पाण्याचा वैध परवाना जवळ हवा. मेरीलँडमध्ये १ मार्च ते १५ जून या विणीच्या काळात भरतीच्या पाण्यापलीकडच्या नद्यांत पकडलेला बास तिथेच सोडावा लागतो. ऑगस्टमध्ये तुम्हाला ती अट नसेल, तरी त्या त्या पट्ट्याचे वेगळे नियम निघण्यापूर्वी पाहून घ्या. पोटोमॅकच्या या भागात जिवंत क्रेफिश आमिष म्हणून वापरायला बंदी आहे, कारण बाहेरून आलेल्या जाती आमिषाच्या डब्यांतूनच पसरल्या. परतल्यावर बूट ब्रशने घासून, चिखल पूर्ण काढून, कडक उन्हात पूर्ण वाळवा, आणि ते वाळल्याशिवाय मोनोकसी किंवा दुसऱ्या कुठल्याही नदीत घालू नका.